सूर्यास्ताची वार्ता

गेल्या महिन्यांत आम्हांस एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांच्या सासऱ्यांनीं पन्नाशीच्या सुमारास काशीयात्रा केली आणि त्या प्रवासाची एक वही लिहून ठेविली. सासरे आज हयात नाहींत. ही वही माळ्यावरील ट्रंकेंत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं सांपडली. बाईंनीं ती दोन वेळां वाचली व छापून आप्तेष्टांस वाटावी असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु त्यांचे चिरंजीव महाविद्यालयांत अध्यापक आहेत. त्यांनीं वही चाळून निकाल दिला कीं, ही नुसती नोंदवही आहे, हें वाङ्मय नव्हे. छापावयाचीच असेल तर एखाद्या जाणत्याकडून नीट लिहवून घ्यावी. बाई विचारतात, वाङ्मय म्हणावें तरी कशास, आणि तें ठरवावें कोणीं?

प्रश्नाचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून बिकट आहे. चौतीस वर्षें आम्हीं मुलांचे निबंध तपासण्यांत घालविलीं. तेव्हां असल्या प्रश्नाचें उत्तर आमच्या जिभेच्या टोंकावर असावयास पाहिजे होतें. तें तसें नाहीं, आणि कां नाहीं हें सांगणें आम्हांस थोडें जड जाणार आहे. तथापि बाईंनीं मोकळेपणानें विचारलें आहे, तर उत्तरही मोकळेपणानेंच दिलें पाहिजे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरूं. 'वाङ्मय' म्हणजे वाणीनें घडलेलें तें सर्व. राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त वाङ्मयाचे शास्त्र व काव्य असे दोन भाग पाडले आहेत. म्हणजे व्याकरण आणि ज्योतिषही वाङ्मयांतच येतें. या अर्थानें पंचांग हें वाङ्मय, पाकशास्त्राचें पुस्तक हें वाङ्मय, आणि सासऱ्यांची वही तर निःसंशय वाङ्मय. चिरंजीवांच्या मनांत जो शब्द होता तो 'साहित्य'. हा शब्द 'सहित' यापासून आला. भामहानें काव्याचें लक्षण करतांना इतकेंच म्हटलें कीं, शब्द आणि अर्थ हे दोघे एकमेकांसहित असावेत. आमच्या घरीं मात्र 'साहित्य' म्हटलें कीं पूजेचें तबक नाहीं तर पुरणाचें सामान डोळ्यांपुढें येतें. आणि हाही अर्थ अगदींच टाकाऊ नाहीं. डाळ, गूळ आणि वेलदोडा निरनिराळ्या डब्यांत असतात तोंवर त्यांस कोणी पुरण म्हणत नाहीं.

लहानपणीं एका शास्त्रीबुवांपाशीं आम्हीं अलंकारशास्त्राचीं प्रकरणें घोकलीं. वामन रीतीस काव्याचा आत्मा म्हणतो, आनंदवर्धन ध्वनीस म्हणतो, विश्वनाथास रसावांचून काव्यच दिसत नाहीं, आणि जगन्नाथ पंडितास रमणीय अर्थ सांगणारा शब्द मिळाला कीं पुरे होतें. प्रत्येकाचें म्हणणें खरें वाटतें, निदान त्याचा ग्रंथ वाचीत असतां तरी वाटतें. पण समोर एखादा लिहिलेला कागद आला आणि 'हें काय आहे, सांगा' असें कोणीं विचारलें, म्हणजे यांपैकीं एकही लक्षण आपण होऊन उठून मदतीस येत नाहीं. वैद्यकाची पोथी पाठ असणाऱ्यास नाडी लागतेच असें नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून लक्षणें बाजूस ठेवून आम्ही बाईंस एका वाक्याची हकीकत सांगतों. सगळा वाद त्या एका वाक्यांत आलेला आहे.

वाक्य सूर्यास्ताचें आहे. सातव्या शतकाच्या आसपास भामहानें तें आपल्या 'काव्यालंकारां'त घेतलें. सूर्य अस्तास गेल्याची, चंद्र प्रकाशल्याची आणि पांखरें घरट्याकडे निघाल्याची साधी नोंद त्यांत आहे. भामह विचारतो, असल्या बोलण्यास काव्य म्हणावयाचें काय? आणि स्वतःच उत्तर देतो कीं, नाहीं. यास 'वार्ता' म्हणतात. बातमी! त्याच्या मतें कांहीं तरी वक्रोक्ति, कांहीं तरी बोलण्याचा वेगळा ढंग असल्याशिवाय काव्य होत नाहीं. दंडीनें 'काव्यादर्शां'त हेंच वाक्य उचललें आणि अभिप्राय मात्र निराळा दिला. वेळ काय झाली हें सांगावयाचें असेल तर हें वाक्यही चांगलेंच आहे, असें तो म्हणतो, आणि त्यास हेतु नामक अलंकारांत जागा करून देतो. दंडी हा बिचारा भला गृहस्थ असावा. दारीं आलेल्यास तो रिकाम्या हातानें परत पाठवीत नाहीं.

पुढें अकराव्या शतकांत काश्मिरांत मम्मट झाला. त्यानें 'काव्यप्रकाशा'च्या पांचव्या उल्लासांत त्या वाक्याचा पहिला तुकडा, सूर्य मावळला एवढाच, घेतला आणि त्याची अशी कांहीं उलगड केली कीं आजही ती वाचतांना आम्हांस नवल वाटतें. तो म्हणतो, हें बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता हें पाहा. सेनापतीच्या कानीं तें पडलें तर शत्रूवर घाला घालण्याची वेळ झाली असा अर्थ होतो. अभिसारिकेस दूतीनें सांगितलें तर निघण्याची वेळ झाली. मजूर ऐकतो तेव्हां काम थांबवावें असें समजतो, गुराखी गाई गोठ्याकडे वळवितो, व्यापारी मांडलेला माल आवरतो आणि धार्मिक मनुष्य संध्येस बसतो. शब्द तेच, त्यांचा कोशांतला अर्थही तोच. तरी जें कळलें तें प्रत्येकास निराळें. या दुसऱ्या कळण्यास व्यंग्य म्हणतात. ज्या वाक्यास भामहानें वार्ता म्हणून दारांतून घालविलें होतें, तेंच मम्मटानें ओसरीवर आणून बसविलें. ज्या श्रोत्यास हें दुसरें कळतें त्यास शास्त्रकार 'सहृदय' म्हणतात. हा शब्द फार सोपा दिसतो.

आतां प्रकारांविषयीं. चिरंजीवांनीं 'नोंदवही' हा शब्द वापरला तो प्रकार सांगण्यासाठीं, आणि प्रकार सांगितला म्हणजे प्रतही ठरली असें त्यांस वाटलें. ही समजूत जुनी आहे. भामहानें कथा आणि आख्यायिका यांत भेद केला होता : आख्यायिकेंत नायकानें आपली हकीकत स्वतः सांगावी, कथेंत ती दुसऱ्यानें सांगावी, इत्यादि. दंडीनें त्यास उडवून लावलें. एकाच जातीचीं हीं दोन नांवें आहेत असें तो म्हणाला. दोन्ही प्रकार बाणभट्टानें हाताळले. 'हर्षचरित' ही आख्यायिका, 'कादंबरी' ही कथा. आणि गंमत पाहा, बाणाच्या त्या नायिकेचें नांव आम्हीं मराठींत एका अख्ख्या वाङ्मयप्रकारास देऊन टाकलें. पुस्तकांच्या दुकानांत जाऊन 'एक चांगली कादंबरी द्या' असें म्हणणाऱ्यास आपण एका गंधर्वकन्येस हांक मारीत आहों याची शुद्ध नसते. प्रकारांचीं नांवें ग्रंथपालाच्या कामाचीं असतात, कपाटाच्या फळ्यांवर चिकटवावयास उत्तम. त्यांहून अधिक भार त्यांवर घालूं नये.

याचें उत्तम उदाहरण आमच्याच समाजांत झालेलें आहे, आणि तें बाईंच्या प्रश्नाशीं इतकें जुळतें कीं त्यावर थोडें थांबल्यावांचून राहवत नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे हे कोंकणांतले एक गरीब भिक्षुक. घरीं कर्ज झालेलें. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, अशी बातमी लागल्यावरून १८५७ सालीं ते चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेंत बंड झालें. दक्षिणेच्या आशेनें गेलेले हे ब्राह्मण झाशीच्या वेढ्यांत सांपडले, लूट व कत्तल यांतून जीव मुठींत धरून सुटले, आणि अखेरीस काय घेऊन परतले तर मातापितरांसाठीं गंगेची कावड. पुष्कळ वर्षांनंतर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यांनीं हें सर्व लिहून काढलें. 'माझा प्रवास' तो हाच.

हें पुस्तक कोणत्या फळीवर ठेवावें? इतिहास म्हणावा तर ऐकीव गोष्टी पुष्कळ. प्रवासवर्णन म्हणावें तर बंडच फार. आत्मचरित्र म्हणावें तर लेखक स्वतःविषयीं बोलतो तें बहुधा जेवण, दक्षिणा आणि जिवाची भीति यांपुरतें. पण त्यांत एक प्रसंग आहे. झाशी पडल्यावर, काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशीं भटजींची व राणी लक्ष्मीबाईंची गांठ पडते. राणीच्या अंगावर पठाणी वेष, सर्वांग धुळीनें भरलेलें, तहानेनें जीव व्याकुळ. भटजी पाणी शेंदून देण्यास पुढें होतात. विद्वान् ब्राह्मणाकडून पाणी काढवून घेणें तिला बरें वाटत नाहीं. ती दोर आपल्या हातीं घेते, स्वतः पाणी काढते आणि ओंजळीनें पिते. एवढेंच. लेखकानें राज्य गेल्याचा शोक केलेला नाहीं, कालगतीवर प्रवचन दिलेलें नाहीं. एक मडकें आणि एक दोर. परंतु झाशीचें काय झालें हें आम्हांस इतिहासाच्या पुस्तकांतून समजलें त्याहून त्या दोरानें अधिक समजलें, आणि ज्यास झाशी कोठें आहे हेंही ठाऊक नाहीं त्यास देखील तो प्रसंग ऐकून गप्प बसावें लागेल.

आणि या पुस्तकाचें पुढें काय झालें तें बाईंच्या चिरंजीवांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें. वैद्यांनीं तें १९०७ सालीं प्रसिद्ध केलें, हे त्यांचे मोठेच उपकार; पण प्रसिद्ध करतांना त्यांनीं भटजींची भाषा ठिकठिकाणीं बदलली, मजकूर कांहीं गाळला. त्या काळास अनुसरून तें साहजिक होतें. जाणत्यानें अजाणत्याचें लिहिणें सुधारलें. मग १९६६ सालीं दत्तो वामन पोतदारांनीं मूळ हस्तलिखितावरून भटजींचीच भाषा छापली, आणि लोकांस कळलें कीं, जी सुधारणा केली होती तिची मुळांत फारशी जरुरी नव्हती. भटजींची ती तुटक, कोंकणी वळणाची वाक्यें हीच त्यांच्या डोळ्यांची वाट होती. मध्यें साठ वर्षें गेलीं एवढेंच.

इतकें दुसऱ्यांविषयीं लिहिणें सोपें गेलें. आतां आमच्याविषयीं.

आमची थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतों, आमच्याहून सहा वर्षांनीं मोठी. चार यत्ता शिकली आणि पुढें कोंकणांत डोंगराच्या पायथ्याशीं एका वाडींत तिला दिली. आमचे मेहुणे नोकरीनिमित्त मुंबईस असत. घरीं अक्का आणि तिची सासू. ती आम्हांस महिन्यादोन महिन्यांनीं अंतर्देशीय पत्र लिही. आम्ही तेव्हां चोवीस वर्षांचे, नुकतेच शिक्षक झालेले, संस्कृताचा ताजा अभिमान डोक्यांत, आणि खिशांत तांबडी लेखणी. अक्काच्या पत्रांतले ऱ्हस्वदीर्घ आम्हांस सहन होत नसत. प्रथम थट्टेनें व मग संवयीनें आम्ही तिचें प्रत्येक पत्र तपासूं लागलों, आणि चुकांची यादी आमच्या उत्तरांत उतरून तिला पाठवूं लागलों. शेवटीं गुणही देत असूं. तिला यांत आपुलकी वाटत असेल अशी आमची समजूत होती.

गेल्या चातुर्मासांत घरास रंग द्यावयाचा निघाला, म्हणून कागदांचें कपाट रिकामें करावें लागलें. त्यांत अक्काचीं अकरा पत्रें सांपडलीं. त्यांतील एक जानेवारी १९८२ चें. सासूबाईंचा गुडघा सुजला आहे, म्हैस आटली आहे, मेहुणे होळीला येतील असें म्हणतात, हें सर्व झाल्यावर खालीं पुढील मजकूर आहे : सूर्य मावळला कीं इकडे फार लवकर अंधार पडतो. डोंगर अगदीं जवळ आहे ना. तुळशीपुढें दिवा लावून आलें कीं मग कांहीं काम उरत नाहीं. अंधार पडतो.

यावर आमची तांबडी शाई अशी : 'दिवा'ची पहिली वेलांटी दीर्घ पडली होती ती ऱ्हस्व केलेली. शेवटचें वाक्य खोडून बाजूस 'पुनरुक्ति'. चारही वाक्यांस मिळून एक उभा कंस आणि त्यापुढें 'विषयांतर. पत्रांत प्रयोजन नाहीं'. तळाशीं दहांपैकीं पांच.

आतां वाचकांस सांगितलें पाहिजे कीं, अक्काचें पहिलें मूल आदल्या आषाढांत आमच्याच घरीं जन्मलें होतें. दिवाळीनंतर ती त्यास घेऊन सासरीं गेली. मार्गशीर्षांत तें मूल तापानें गेलें. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं, ठाऊक होतें. आम्हीं त्या वेळीं तिला एक सांत्वनपर पत्रही पाठविलें होतें, बरेंच लांब, आणि त्यांत गीतेचा आधार घेतला होता. तें पत्र टपालांत पडलें आणि आमच्या लेखीं प्रकरण मिटलें. पांच आठवड्यांनीं हें पत्र आलें, त्यांत मुलाचा उल्लेख कोठेंच नव्हता, म्हणून आम्हीं तें नेहमींप्रमाणें तपासलें.

मम्मट आम्हांस पाठ होता. बोलणारी कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, हे तिन्ही प्रश्न आम्ही परीक्षेस लिहून आलों होतों. सूर्य मावळल्याचें आपल्या बहिणीनें आपल्याला सांगितलें तेव्हां मात्र आम्ही भामहाच्याही एक पायरी खालीं उतरलों. त्यानें वार्ता तरी म्हटलें होतें, आम्हीं विषयांतर म्हटलें. यानंतरचें अक्काचें पत्र याच गठ्ठ्यांत आहे. पांच ओळींचें. 'येथील सर्व क्षेम, तेथील कुशल कळवावें' अशा धर्तीचें. त्यांत एकही चूक नाहीं, आणि त्यावर आम्हीं दिलेले दहांपैकीं नऊ गुण अजून ठळक दिसतात. पुढचींही सगळीं तशींच, निर्दोष.

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो आमच्याही मनांत आला. हीं चार वाक्यें आम्हांस हलवितात, कारण लिहिणारी आमची बहीण आहे आणि मागची हकीकत आम्हांस ठाऊक आहे. हें तर नातें झालें. यांत साहित्य तें कोठें? आक्षेप खरा आहे. भट्टनायकानें ज्यास साधारणीकरण म्हटलें तें हेंच : शोक जोंवर अमक्याचा शोक असतो तोंवर तो शोकच, तो कोणाचाही नाहींसा होऊन वाचकास आपला वाटूं लागला म्हणजे रस. पत्राचा वाचक एकच असतो आणि त्यास सगळें आधींच माहीत असतें, निदान असावें. तेव्हां आम्हीं एक प्रयोग केला. आमची नात नववींत आहे. तिला आम्हीं तीं चार वाक्यें, कोणाचीं आहेत हें न सांगतां, खोडलेल्यासकट वाचून दाखविलीं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "आजोबा, ह्यांच्या घरात लहान मूल नव्हतं का हो?"

कशावरून, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "दिवा लावल्यावर काम उरत नाही म्हणतात ना. आपल्याकडे तर बाळामुळे तेव्हाच सगळी धांदल सुरू होते." आमच्या धाकट्या चिरंजीवांचें सहा महिन्यांचें बाळ सध्यां घरांत आहे, दिवेलागणीस तें रडूं लागतें आणि चार माणसें धांवत असतात.

मग आम्हीं तिला दुसरा एक कागद वाचून दाखविला. त्याच वर्षीं शाळेच्या वार्षिकांत छापून आलेलें आमचें 'सायंकालवर्णन'. पश्चिम दिशेस आम्हीं वधू केलें होतें, सूर्यास तिच्या भाळींचा कुंकुमतिलक केलें होतें, आणि शेवटीं चक्रवाकाच्या जोडप्याचा विरह घातला होता. नात म्हणाली, "चक्रवाक म्हणजे कोणता पक्षी? तुम्ही पाहिलाय?" आम्हीं पाहिलेला नव्हता. चक्रवाक हिवाळ्यांत उजनीच्या जलाशयावर येतात हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें, आणि दिसावयास तो एक बऱ्यापैकीं लठ्ठ, नारिंगी रंगाचा बदक आहे.

यावरून कोणीं असें समजूं नये कीं, साधें लिहिलें म्हणजे साहित्य झालें आणि अलंकार आला कीं तें बिघडलें. अलीकडे हा समज फार बोकाळला आहे. बाणाचें एकेक वाक्य वाचणाऱ्याचा श्वास संपला तरी संपत नाहीं, उपमांवर उपमा चढत जातात, आणि तरी 'कादंबरी'च्या साहित्यपणाविषयीं शंका घेणें हें धाडसच होईल. कारण बाणानें ती शोभा ज्या वस्तूवर घातली ती त्यानें आधीं डोळे भरून पाहिली होती. उलट अक्काच्या उरलेल्या पत्रांत, आम्ही तांबड्या शाईनें तिचें तोंड बंद करण्यापूर्वींच्या पत्रांतही, पुष्कळ ठिकाणीं नुसता तांदुळाचा भाव आहे, तो भावच आहे. त्यांतून कितीही पिळलें तरी दुसरें कांहीं निघत नाहीं. अक्का लेखिका नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांस शाळा ठाऊक नव्हती, अक्षरओळखही लग्नानंतरची, आणि त्यांचीं 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत निघालीं तीं मराठींतलें एक अव्वल पुस्तक होऊन बसलीं. पण त्यांनीं तीं शेंकडों पानें तशीं लिहिलीं, चार ओळी नव्हेत. एखाद्या संध्याकाळीं एखाद्याच्या हातून शब्द आणि अर्थ अकल्पित एकत्र येतात. तसें पुन्हां पुन्हां घडवून आणतां येणें हा लेखकाचा धंदा होय. दोहोंत अंतर आहे, आणि तें आम्ही पुसूं इच्छीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तीं चार वाक्यें ज्या जातीचीं आहेत ती जात विहिरीवरच्या त्या दोराची आहे, आमच्या कुंकुमतिलकाची नाहीं.

खोडलेल्या वाक्याविषयीं आणखी एक सांगावयाचें राहिलें. 'अंधार पडतो' हें दुसऱ्यांदा आलेलें वाक्य. पहिल्या वेळीं तें डोंगराविषयीं आहे, म्हणजे वार्ता आहे. दुसऱ्या वेळीं डोंगर नाहीं, सूर्य नाहीं, कारणच नाहीं. तें काढून टाकलें असतां माहिती एका अक्षरानेंही कमी होत नाहीं. म्हणूनच आम्हीं तें काढलें. निबंध तपासणाऱ्यानें हात आंखडावा ती जागा ही, हें आम्हांस तेव्हां कोणीं सांगितलें असतें तरी समजलें असतें असें वाटत नाहीं.

तेव्हां, बाई, वहीविषयीं आमचें सांगणें असें. ती आम्हीं पाहिलेली नाहीं. तिच्यांत साहित्य आहे कीं नाहीं हें आम्ही येथून सांगूं शकत नाहीं, आणि चिरंजीवांसही चाळून सांगतां येणार नाहीं. आपण दोन वेळां वाचली, त्या दुसऱ्या वेळीं कोठें थांबलांत, तेवढीं पानें काढा. काशीस किती घाट आहेत, धर्मशाळेचें भाडें किती पडलें, हें ज्या पानांत आहे तीं पानें नातवंडांस उपयोगी पडतील, तीं असोत. पण सासऱ्यांनीं जेथें न सांगण्यासारखी गोष्ट सांगितली आहे, जिचें त्या ठिकाणीं कांहीं प्रयोजन दिसत नाहीं, जी दोनदां आली आहे, तेथें बोट ठेवा. तीं पानें वहीची माहिती नसलेल्या एखाद्या परक्या माणसास वाचून दाखवा, शक्य तर लहान वयाच्या. आणि छापा अथवा न छापा, कोणाकडून 'नीट लिहवून' घेण्यापूर्वीं वहीची अक्षरशः नक्कल, चुकांसकट, करून ठेवा. पोतदारांना हस्तलिखित मिळालें म्हणून गोडसेभटजी परत मिळाले. तें नसतें तर काय मिळालें असतें?

हा मजकूर लिहून झाल्यावर आम्हीं अक्कास दूरध्वनि केला. ती आतां चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, त्याच घरांत राहते. पुढें झालेले दोन मुलगे पुण्यास असतात. पत्र सांपडल्याचें सांगितलें, चारही वाक्यें वाचून दाखविलीं, आणि त्यावर आम्हीं काय काय केलें होतें तेंही सांगितलें. क्षमा मागण्याचें शब्द आम्हीं मनाशीं जुळवून ठेविले होते. ते ऐन वेळीं चांगले संस्कृतप्रचुर निघाले.

अक्का थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "मला नाही रे आठवत. लिहिलं असेन. तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती ना आली."

आम्ही काय बोलावें या विचारांत होतों, तों तीच पुढें म्हणाली, "बाळ रडतंय वाटतं तुमचं. कोणी घेतलंय का त्याला?"